काकडीचं धोंडस: पाणी, गूळ आणि वरची आच

(गप्पांचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

माजघर

श्रावण सरत आला की बाजारात पिवळट-तपकिरी सालीच्या जाडजूड जून काकड्या दिसायला लागतात आणि पाठोपाठ नेहमीचे प्रश्नही: धोंडस (जून काकडी, तांदळाचा रवा आणि गुळाचा भाजलेला गोड पदार्थ) गिच्च झालं, मधे कच्चं राहिलं, रवा दाताखाली कचकचतो. पाककृतींना तोटा नाही, पण बहुतेकींत "कीस दोन वाट्या, रवा एक वाटी" एवढंच लिहिलेलं असतं. वाटी केवढी, कीस पिळलेला की रसासकट, याचा पत्ता नसतो. धोंडसात अंडं नाही, मैदा नाही, फुगवायला काही नाही. बिघडतं ते जवळजवळ सगळं पाण्याच्या हिशेबात. म्हणून इथे वजनी माप देत आहे.

20 सेंटिमीटर व्यासाच्या गोल डब्यासाठी, सहा ते आठ माणसांना पुरेल असं:

काकडीचा कीस रसासकट 500 ग्रॅम (साल, बिया आणि बियांभोवतीचा गर काढून. अख्खी काकडी 800 ग्रॅम ते 1 किलोची लागते)
तांदळाचा जाडसर रवा 200 ग्रॅम
बारीक चिरलेला गूळ 200 ग्रॅम
ओलं खोबरं 80 ग्रॅम
साजूक तूप 60 ग्रॅम
मीठ पाऊण चहाचा चमचा
वेलदोडे सहा-सात, जायफळ चिमूटभर, काजूचे तुकडे हवे तेवढे
तळाला हळदीची दोन पानं

जाड बुडाच्या कढईत निम्मं तूप घालून रवा मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. रंग किंचित गुलाबीसर व्हायला हवा आणि कालथ्याखाली दाणे खडखडायला हवेत. रवा ताटात काढा. त्याच कढईत कीस रसासकट उकळायला ठेवा. खळखळून उकळी आली की एका हाताने रवा सोडत दुसऱ्या हाताने ढवळा, मीठ घाला, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर आठ-दहा मिनिटं वाफ आणा. आता एक दाणा चिमटीत दाबून बघा. मधे टणक कणी लागली तर पाव वाटी गरम पाणी शिंपडून आणखी एक वाफ. कणी पूर्ण गेल्यावरच गूळ घालायचा.

हा क्रम सोडू नका. गूळ आधी पडला की तो पाणी धरून ठेवतो, रव्याला फुगायला पाणी उरत नाही, आणि त्यानंतर तासभर भाजलं तरी कणी तशीच राहते. कचकचीचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच.

गूळ वितळला की मिश्रण पुन्हा सैल होतं, तेव्हा घाबरून वर रवा घालू नका. खोबरं, उरलेलं तूप, वेलची-जायफळ घालून पाच-सात मिनिटं ढवळा. डावाने उचललं तर जड धबकन पडायला हवं. गोळा होऊन कडा सोडेपर्यंत आटवलं तर भाजल्यावर वडी होते, धोंडस नाही.

डब्याला तूप लावून हळदीची पानं पसरा, मिश्रण ओता, वरून सपाट करून काजू टोचा. ओव्हन दहा मिनिटं आधी तापवून 180 अंश सेल्सियसला 45 ते 50 मिनिटं, मग 200 अंशांवर आठ-दहा मिनिटं, वर तांबूस रंग येईपर्यंत. कडा डब्यापासून सुटतात, सुरी तुपकट पण स्वच्छ निघते. वजन करून बघितलं तर साधारण दहावा हिस्सा उतरलेला असतो.

गरम असताना कापू नका. तीन-चार तास तरी थांबा, रात्री करून सकाळी कापलं तर सगळ्यात उत्तम. त्यावर लोण्याचा गोळा.

करवंटी

माप बरोबर आहे, पण कीस रसासकट घ्यायला माझा विरोध आहे. श्रावणातल्या ताज्या काकडीत आणि शिंक्याला टांगून ठेवलेल्या काकडीत पाण्याचा बराच फरक असतो. पाचशे ग्रॅम म्हटलं तरी आतलं पाणी वेगळं. आमच्या रत्नागिरीकडे कीस हलका पिळतात, रस वेगळा मोजतात, रवा रसात शिजवतात आणि पिळलेला कीस नंतर गुळाबरोबर घालतात. त्यामुळे किसाचा लगदा होत नाही, घास घेताना काकडी लागते.

200 ग्रॅम रव्याला माझा हिशेब: रस आणि पाणी मिळून 400 मिली. रस 250 मिली निघाला तर 150 मिली पाणी किंवा पातळ नारळाचं दूध. पिळलेल्या किसात जे पाणी राहतं ते धरायचं नाही, ते भाजताना उडतं.

माजघर

मान्य. काकडी महिनाभर टांगलेली असेल तर तुमची पद्धत जास्त बिनचूक. ताज्या काकडीला मात्र पिळण्याचा खटाटोप न करताही भागतं, कारण रस सगळा तसाही कढईतच जाणार असतो. फक्त एक पाळा: किसल्या किसल्या वजन करून लगेच वापरा. कीस तासभर ठेवला की रस सुटून तळाशी जमतो आणि वरवरचा कीस उचलणाऱ्याचं माप चुकतं. मीठ तर किसाला आधी मुळीच लावू नका.

तिठा

नवशिक्याचे प्रश्न:
1. जून काकडी मिळाली नाही तर कोवळी हिरवी चालेल का?
2. इडली रवा आणि तांदळाचा रवा एकच ना?
3. घरात ओव्हन नाही.

माजघर

1. चालते, पण कोवळीला तो विशिष्ट वास नसतो आणि कीस शिजून नाहीसा होतो. घ्यायचीच तर पोटाला जाड झालेली, आतून बिया टणक झालेली घ्या. खोबरं 80 ऐवजी 100 ग्रॅम करा.

2. एकच नव्हे. दुकानातला इडली रवा बहुधा उकड्या तांदळाचा असतो. तो पाणी जास्त पितो, शिजायला वेळ घेतो आणि दाणा सुटा राहतो, त्यामुळे वडी कापताना भुगा पडतो. तोच वापरायचा असेल तर 50-60 मिली पाणी वाढवा आणि वाफ पंधरा मिनिटं आणा. घरी रवा काढणं कठीण नाही: जाड जुना तांदूळ धुऊन, निथळून, पंच्यावर सावलीत दोन-तीन तास पसरायचा. वरून कोरडा, दाताखाली फोडला तर किंचित दमट लागला पाहिजे. मिक्सरला थांबत थांबत फिरवा, सलग नाही. पिठाच्या चाळणीतून बारीक पीठ काढून टाका, ते घावनाला वापरा. पीठ रव्यात राहिलं तर धोंडस हमखास गिच्च. नव्या तांदळाचंही तेच, चिकटतो.

3. यावर करवंटी लिहितील.

करवंटी

लिहितो. मूळ पद्धतच बिनओव्हनची. कल्हईचं जाड पातेलं किंवा पसरट लंगडी, खाली मंद निखारे, वर सपाट झाकण आणि झाकणावर निखारे. वरची आच खालच्यापेक्षा जास्त हवी, निखाऱ्यांची वाटणी साधारण एकास दोन. खालचा भाग कढईत शिजताना तापलेलाच असतो, वरच्या थराला पाणी सोडून रंग यायचा असतो. सोडणांचे (नारळावरच्या काथ्याच्या सालींचे) निखारे लवकर विझतात, करवंट्यांचे टिकतात पण फार तापतात, म्हणून झाकणावर करवंटीचे आणि खाली राखेने झाकलेले सोडणांचे. चाळीस मिनिटं लागतात.

गॅसवर: जाड बुडाची कढई, तिच्याखाली लोखंडी तवा. तवा मधल्या आचेवर पाच मिनिटं तापवा, मग कढई ठेवून आच सगळ्यात बारीक. झाकणाला आतून पंचा बांधा, नाहीतर वाफेचं पाणी ठिपकत राहतं आणि वरचा थर ओलसर, फटफटीत राहतो. पंच्याची टोकं झाकणावर गाठ मारून ठेवा, ज्योतीपाशी लोंबू देऊ नका. 35 ते 40 मिनिटांनी पंचा काढा, दुसऱ्या शेगडीवर लाल होईपर्यंत तापवलेला तवा झाकण म्हणून उपडा ठेवा. गार झाला की पुन्हा तापवून एकदा. दोन फेऱ्यांत वर रंग येतो.

उलटून भाजायचं असेल तर गॅस बंद करून वीस मिनिटं थांबल्याशिवाय हात लावू नका. गरमागरम उलटलं की मधून तुटतं, मग चमच्यानेच खा. चवीला काही बिघडत नाही म्हणा.

कल्हई उडालेलं पितळ असेल तर ते भांडं नको, शिजवलेलं त्यात रात्रभर राहिलं तर कळकतं.

ओसरी

कुकरमध्ये केक करतात तसं धोंडस होतं का? शिटी काढून?

माजघर

होतं. शिटी आणि झाकणाची रबरी रिंग दोन्ही काढायची. रिंग राहिली तर जळून वास येतो, शिटी राहिली तर कोरड्या कुकरात दाब धरणं धोक्याचं. तळाला बोटभर जाडीचा मिठाचा थर, वर जाळी किंवा स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचा, मग डबा आत ठेवून मंद आचेवर 55 ते 60 मिनिटं. डबा कुकरच्या बाजूंना टेकू देऊ नका. साधा ॲल्युमिनियमचा जाड कुकर घ्या. आतून नॉनस्टिक असलेला कोरडा तापवायचा नाही. ते मीठ पुन्हा खायला नको, बरणीत घालून पुढच्या वेळी वापरा.

कुकरात वरून रंग येत नाही. करवंटींची तव्याची युक्ती इथे चालत नाही, त्यामुळे काढल्यावर तुपाचं बोट लावून नॉनस्टिक तव्यावर वरची बाजू दोन मिनिटं टेकवा.

पानगळ

न्यू जर्सीतून. इथे मिळणाऱ्या लांब सालदार काकडीत जीव नसतो, अगदी पाणी. चिनी किंवा कोरियन किराणा दुकानात बुटक्या, पिवळ्या-तपकिरी, सालीवर जाळी पडलेल्या जून काकड्या मिळतात, सुपासाठी म्हणून विकायला असतात. त्या हुबेहूब चालतात. त्याही न मिळाल्यास नेहमीच्या काकडीचा कीस 650 ग्रॅम घेऊन रस 250 मिली होईपर्यंत वेगळा आटवा आणि मग करवंटींच्या पद्धतीने पुढे जा. वास थोडा तरी येतो. झुकिनीने पोत जमतो, वास नाही.

गोठवलेलं खोबरं पूर्ण सुटू द्या आणि हलकं पिळा. तपमान 350 फॅरनहाइट, शेवटी 390. तांदळाचं लापशीसारखं पीठ म्हणून डब्यात जे मिळतं ते फार बारीक असतं, त्याचं धोंडस खळीसारखं होतं. भारतीय दुकानातून इडली रवाच आणा आणि माजघरने सांगितलंय तसं पाणी वाढवा.

प्रश्न: ओव्हनचा पंखा चालू ठेवायचा की बंद?

माजघर

बंद. पंख्याचा वारा वरची साय लवकर सुकवतो, मग आतलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही आणि मधे ओलसर पट्टा राहतो. पंखा बंद करता येत नसेल, म्हणजे कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये, तर 160 ठेवा आणि पहिली तीस मिनिटं डब्यावर फॉइल सैल पांघरा. लहान ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) वरखालच्या दोन्ही सळ्या आणि मधली खाच.

भांड्याचंही बघा. काळ्या नॉनस्टिक डब्यात तळ लवकर करपतो, 10 अंश कमी करा. काचेचं भांडं उशिरा तापतं पण तापलं की बंद केल्यावरही भाजत राहतं, म्हणून पाच मिनिटं आधी काढा. साधा ॲल्युमिनियमचा डबा सगळ्यांत बिनत्रासाचा.

ओसरी

एअर फ्रायर?

पानगळ

वरची सळी फार जवळ असते. 15 सेंटिमीटरचा डबा, सगळं साहित्य निम्मं, वर फॉइल घट्ट बसवून 150 अंशांवर 35 मिनिटं, मग फॉइल काढून 8-10. फॉइल नसेल तर पंधरा मिनिटांत वर काळं आणि खाली जसं ओतलं तसं. फॉइल सुटी ठेवली तर पंख्याने उडून सळीला चिकटते, हे लक्षात ठेवा.

पाणंद

आमच्या गोव्यात तवसळी म्हणतात, आणि रवा शिजवून घेत नाहीत. न भाजलेला तांदळाचा रवा किसात आणि रसात चार-पाच तास भिजत ठेवायचा, नंतर गूळ, खोबरं, मीठ, हळदीच्या पानावर ओतून वाफवायची किंवा भाजायची. काहीजण गूळ-खोबरं एकत्र वाटून घालतात. शिजवून केलेलं घट्ट आणि खमंग लागतं, भिजवून केलेली तवसळी हलकी आणि ओलसर.

माजघरने गुळाबद्दल जे लिहिलंय ते भिजवण्यालाही तंतोतंत लागू. रवा आधी नुसत्या रसात भिजवा, गूळ शेवटी. पाच तासांनी दाणा बोटांत चिरडला गेला पाहिजे. माप: 200 ग्रॅम रवा, 450 ग्रॅम कीस रसासकट, 180 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम खोबरं. मिश्रण पळीवाढं हवं, इडलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट. भाजायची वेळ मात्र जास्त: 170 अंशांवर 65 ते 70 मिनिटं. पहिला अर्धा तास झाका, कारण रवा अजून कच्चा आहे आणि त्याला वाफ हवी.

रात्रभर भिजवू नका. पावसाळ्यातही हलकं आंबतं. काहींना ती चव आवडते, नैवेद्याला मात्र चालत नाही.

तिठा

सोडा घातला तर? एका ठिकाणी पाव चमचा लिहिलंय, वर हळदही.

माजघर

सोड्याची गरज नाही. ग्लूटेन नाही, अंडं नाही, त्यामुळे उठलेले बुडबुडे धरून ठेवायला काहीच नाही; मधे उंच येऊन बाहेर काढल्यावर बसतं. पाव चमचा म्हणजे साबणाची चव नक्की. आणि सोड्याबरोबर हळद घातली की सगळं विटकरी लाल. पिवळा रंग हवा असेल तर सोडा नको, हळद चिमूटभर. खरं म्हणजे चांगल्या गुळाचा रंग पुरतो.

करवंटी

गुळावरून एक. चिक्कीचा गूळ घेऊ नका, तो चिवट असतो. कोल्हापुरी साधा पिवळा किंवा तांबूस. काळपट गुळाला चव छान, पण काही ढेपांत खारटपणा असतो, आधी खडा चाखा आणि त्याप्रमाणे मीठ अर्ध्यावर आणा. गुळात खडे-माती वाटली तर रसातला अर्धी वाटी रस बाजूला ठेवून त्यात गूळ वितळवून गाळून घ्या. जास्तीचं पाणी घालू नका, मग सगळं गणित पुन्हा.

सुपारी

घरात मधुमेही आहेत. गूळ निम्मा केला तर?

माजघर

100 ग्रॅमवर आणलं तर दोन गोष्टी होतात: कोरडं होतं आणि दुसऱ्या दिवशी लवकर टणक होतं, कारण ओलावा धरणारं गूळच आहे. 130-140 पर्यंत फार फरक पडत नाही. त्याखाली जायचं तर खोबरं 120 ग्रॅम, तूप 10 ग्रॅम जास्त, आणि भाजणं दहा मिनिटं कमी. पण गूळ कमी केला तरी रवा तांदळाचाच राहतो, साखर वाढवणारा. गूळ कमी म्हणून दोन वड्या जास्त, असं करू नका. एक लहान वडी, तीही जेवणानंतर वेगळी नव्हे, जेवणातलाच भाग धरून.

पाणंद

कडू काकडीबद्दल कोणी लिहिलं नाही. किसण्याआधी देठाकडची चकती कापून चाखा, मग मधला तुकडा. कडवटपणा बहुधा देठाकडे आणि सालीलगत असतो. थोडासाच देठाशी असेल तर तिथला चार बोटं भाग टाकून पुढे पुन्हा चाखा. मधेही कडू असेल तर अख्खी काकडी फेका. कुकुर्बिटासिन नावाचं द्रव्य असतं ते, शिजवून जात नाही, गुळाने चव झाकली तरी पोटात जायचं ते जातंच, उलट्या-जुलाब होतात. देठ घासून फेस काढण्याने आतला कडूपणा जात नाही.

बियांभोवतीचा गर जून काकडीत आंबट असतो, तोही घेऊ नका. आमटीत घाला, चिंचेचं काम करतो.

ओसरी

गर आमटीत, हे माहीत नव्हतं. बिया?

पाणंद

धुऊन, वाळवून, सोलून मगज. सोलायला चिकाटी हवी.

चुलत

गव्हाचा जाड रवा चालेल का? मुलांना केकसारखं हवंय.

माजघर

चालतो, पदार्थ वेगळा होतो. 200 ग्रॅम जाड रवा तुपात भाजून, कीस 450 ग्रॅम, वाफ चार-पाच मिनिटं पुरे. वड्या स्वच्छ कापल्या जातात. तरीही फुगलेल्या केकची अपेक्षा ठेवू नका, शिऱ्याच्या वडीकडे झुकतं.

पाणंद

मुलांना केकच हवा तर आमच्याकडचा नाताळचा बाथ नावाचा केक करा, रवा-खोबऱ्याचाच. 250 ग्रॅम बारीक रवा, 250 ग्रॅम साखर, 125 ग्रॅम लोणी, 200 ग्रॅम ओलं खोबरं थोड्या पाण्यात भरड वाटून, चार अंडी, चिमूट मीठ, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर. लोणी-साखर फेटा, अंड्याचा पिवळा बलक एकेक करून घाला, मग रवा आणि खोबरं. हे मिश्रण झाकून सहा-आठ तास फ्रिजमध्ये. रवा फुगला पाहिजे, नाहीतर तळाला बसतो आणि केक दोन थरांचा होतो. भाजायच्या वेळी बाहेर काढून सैल होऊ द्या, पावडर मिसळा, पांढरे बलक फेसून हलक्या हाताने घाला. 170 अंश, 50 मिनिटं. वर मैद्याच्या पट्ट्यांची जाळी घालतात, ती हौस.

इथेही भिजणं हाच मुद्दा. पावडर रात्रीच घालून ठेवली तर तिचा जोर सकाळपर्यंत संपलेला असतो.

चुलत

अंडी चालत नाहीत. मग धोंडसच.

सुपारी

मोठ्या प्रमाणात करायचं आहे, पंधरा-सोळा माणसं. साहित्य दुप्पट करून त्याच डब्यात थोडा जास्त वेळ?

माजघर

त्याच डब्यात नको. 20 सेंटिमीटरच्या डब्यात हे मिश्रण सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास भरतं. दुप्पट केलं तर साडेसहा, मधे ओलं आणि कडा करपलेल्या. 30 बाय 20 सेंटिमीटरचा आयताकृती ट्रे घ्या. त्याचं क्षेत्रफळ गोल डब्याच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे जाडी तीच राहते आणि वेळही फक्त पाच-सात मिनिटं वाढतो. कढईत 400 ग्रॅम रवा एकदम शिजवताना मात्र तळ धरतो, तेव्हा दोन कढयांत किंवा दोन घाण्यांत करा.

करवंटी

तळ धरलाच तर खरवडू नका. वरचं वर दुसऱ्या भांड्यात उतरवा. खालचा करपट वास एका खरवडीत सगळीकडे पसरतो आणि वेलचीने झाकला जात नाही.

तिठा

आज केलं, 180 ला 50 मिनिटं. चव छान. पण कापताना मधला भाग सुरीला चिकटतोय, कडा मात्र बरोबर. काढून तासभर झाला होता.

माजघर

तासाभरात आतलं तूप आणि गूळ अजून पातळच असतात. झाकून ठेवा आणि संध्याकाळी कापा. तरी चिकटलं तर दोनपैकी एक: कढईत गूळ घातल्यावर पाच-सात मिनिटं आटवलं नाहीत, किंवा ओव्हन सांगतो त्यापेक्षा कमी तापतो. लहान ओव्हनमध्ये वीस अंशांचा फरक सहज असतो, ओव्हनच्या आत ठेवायची तबकडी-थर्मामीटर मिळाली तर ठेवा. आताचं तुकडे करून तव्यावर तूप सोडून दोन्ही बाजूंनी परता. काहीजण मुद्दाम असंच खातात.

तिठा

संध्याकाळी कापलं. नीट निघालं. आता टिकवायचं कसं? बाहेर पाऊस आहे.

माजघर

ओलं खोबरं आहे, दमट हवेत बाहेर एक दिवस. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर झाकणाला पाणी सुटून तिथून बुरशी. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. फ्रिजमध्ये तांदूळ ताठ होतो, तसंच थंड खाऊन "बिघडलं" म्हणू नका. चार-पाच मिनिटं वाफवा किंवा तव्यावर झाकण घालून गरम करा, पुन्हा मऊ. मायक्रोवेव्ह केलं तर लगेच खा, गार झाल्यावर आधीपेक्षा टणक होतं.

पानगळ

हळदीची पानं इथे मिळत नाहीत. केळीचं गोठवलेलं पान वापरलं तर?

पाणंद

आधी ज्योतीवरून फिरवून मऊ करा, नाहीतर चिरतं. मधली जाड शीर छाटा. हळदीच्या पानाचीही शीर छाटायचीच, तिच्यामुळे तळाला खाच पडते आणि तिथे तूप साचतं. केळीच्या पानाने खालचा भाग करपत नाही, पण हळदीचा वास काही येणार नाही. मिळालं तर हळदीचं पान मोसमात गोठवून ठेवा: धुऊन, पुसून, गुंडाळी करून पिशवीत.

सुपारी

आणि काकडी? मोसम संपला की कशी ठेवायची? गोठवलेला कीस चालतो का?

करवंटी

कीस चालतो. 500 ग्रॅमच्या पिशव्या भरा, रसासकट, हवा काढून, सपाट करून. वापरताना रस अजिबात ओतून टाकू नका, गोठल्याने तो जास्त सुटतो इतकंच.

अख्खी ठेवायची तर देठ शाबूत असलेली, सालीवर ओरखडा नसलेली निवडा. धुवायची नाही. सुंभाने बांधून किंवा शिंक्यात, एकीला दुसरी लागणार नाही अशी, वारा लागेल तिथे टांगा. जमिनीवर ठेवली तर टेकलेली बाजू सडते. आठवड्यातून एकदा बोटांनी चाचपा. कुठे मऊ लागली की ती आधी किसायची, आणि तो मऊ भाग कापून टाकल्यावर उरलेला चाखून मगच वापरायचा.